मी 'कट' म्हणलो, पण कोणीच थांबलं नाय

मंडळी, ओठाला चार टाके घेऊन लिहितोय.

अजिंठ्याजवळ शूटिंग झालेल्या त्या सुपरहिरोच्या पिक्चरमधे मी गुंड झालोय. हिरोच्या म्हाताऱ्या आईला लाथ घालणारा. आज पुंडलिकनगरातल्या घरून एकटाच थेटरात बघायला गेलो, तर इंटरव्हलला लोकांनी ओळखलं.

"यही है रे, आईला मारणारा!"

पहिल्याच ठोशात तोंड रक्तानं भरलं. खाली पडलो, तर पोटात लाथा.

सेटवरच्या सवयीनं मी ओरडलो, "कट! कट!" तिथं या शब्दावर उगारलेला हात जागीच थांबतो.

इथं मोबाईल धरलेला एकजण म्हणला, "अजून एक घाल, रेकॉर्डिंग चालू नव्हतं."

हिरोच्या एन्ट्रीला सगळ्यात जोरात शिट्टी यानंच मारली होती.

आता तुम्हीच सांगा, पिक्चर बघून तो कोणाचं शिकला? हिरोचं, का माझं?