सिरिंजवरची लाल रेघ

डहाणूच्या महालक्ष्मीची गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ असते. देवी वर गडावर राहायची. एक गरोदर बाई दर्शनाला चढताना वाटेत कोसळली, तेव्हा तिची दया येऊन देवी पायथ्याशी उतरली. माझ्या सासऱ्यांनी या गोष्टीचा फार गैरफायदा घेतला. उभा जन्म विड्या ओढून त्यांची छाती भात्यासारखी वाजायची. गड तर सोडाच, चिकूच्या वाडीत विहिरीपर्यंत जातानाही ते मध्ये थांबून एखाद्या झाडाची उगाच चौकशी करायचे. सासूबाईंनी गडाचं नाव काढलं की यांचं उत्तर तयार, "देवी खाली कुणासाठी आली? माझ्यासारख्यांसाठीच ना?"

सासूबाईंचा मात्र नवस होता. नातू झाला तर जोडीने गड चढून ओटी भरीन, असं त्या बोलून बसल्या होत्या. नातू झाला, शाळेत जायला लागला, तरी ओटी पायथ्याशीच अडकलेली. नवसच जोडीचा, त्यामुळे एकटीने वर जाऊन भागत नव्हतं. त्या फारसं बोलायच्या नाहीत, पण ओटीचा खण दर नवरात्रात पेटीतून काढून पुन्हा घडी घालून ठेवायच्या. ते मला बघवायचं नाही.

मग वापीच्या कारखान्यात काम करणाऱ्या सासऱ्यांच्या भाच्याने वाफ ओढायचं एक यंत्र आणून दिलं. विडी सोडायची, हे ओढायचं आणि त्यातलं निकोटीन हळूहळू कमी करत न्यायचं, असा बेत. यंत्रात भरायच्या तयार रसाची चव सासऱ्यांना पसंत पडेना, म्हणून तो घरीच बनवायचं ठरलं. ग्लिसरीन, पुदिन्याचा अर्क आणि निकोटीनची छोटी बाटली, सगळं सिरिंजने मोजून.

निकोटीन म्हणजे तंबाखूतलं विष, हे कळल्यावर सासूबाई दचकल्या. मिरचीवर मावा पडला की आम्ही तंबाखूचा काढा फवारतो. "ज्याने मावा मरतो ते तुम्ही तोंडात घालणार?" असं म्हणून त्यांनी बाटली कपाटात कुलूपबंद केली आणि किल्ली कमरेला खोचली. रस बनवण्यापुरतीच ती बाटली बाहेर यायची.

मी तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून सिरिंज धुण्याचं खातं माझ्याकडे आलं. पण पहिल्याच दिवशी, मी शाळेतून यायच्या आत, सासूबाईंनी घोळ घातला. त्यांच्या लहानपणी डॉक्टर काचेच्या सिरिंज उकळायचे, म्हणून त्यांनी या प्लॅस्टिकच्या सिरिंज चहाच्या पातेल्यात उकळल्या. नळ्या वाकल्या, आकडे उडाले, रबराचा दट्ट्या फुगून आत रुतून बसला. त्या पातेल्यात मी दुसऱ्या दिवशी तुळस लावली.

त्यानंतर मी वर्गातला आवाज काढला. हातमोज्यांशिवाय कोणी हात लावायचा नाही. धुणं मागच्या मोरीवर, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. टब वेगळा, घासणी वेगळी. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून ते पाणी सिरिंजमध्ये ओढायचं, ढकलायचं, पुन्हा ओढायचं, मग साध्या पाण्याने तसंच, आणि शेवटी दट्ट्या काढून दोन्ही तुकडे सावलीत वाळवायचे. निकोटीनची सिरिंज दुसऱ्या कशालाच लावायची नाही. एकदा सासऱ्यांनी मोजे न घालता रस काढला आणि बोटांवर सांडवला. मी त्यांचा हात धरून नळाखाली घातला तर म्हणाले, "मी काय मावा आहे?" सासूबाई आतून म्हणाल्या, "माव्याला तरी कळतं."

नव्या सिरिंजवरचे आकडेही साबणाने पुसट होऊ लागले. चष्मा लावायचा सासऱ्यांना कमीपणा वाटे. म्हणून मी नखांच्या लाल रंगाने एक रेघ ओढून दिली: निकोटीन इथपर्यंत. धुता धुता रेघेचा टवका उडायचा, मी पुन्हा ओढायची. आणि पुन्हा ओढताना, देवाशपथ, ती जरा खालीच यायची. बेत कमी करत नेण्याचाच होता, पण सासरे कमी करायचा दिवस दर वेळी पुढे ढकलायचे. मी ढकलत नव्हते, एवढाच फरक.

त्यांचा स्वभाव बिघडू लागला. चिकू घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याशी भांडण, कावळ्याशी भांडण. चहा पूर्वीसारखा गोड लागत नाही, ही रोजची कुरकुर. "तोंडाची चव गेलीय तुमच्या," असं आम्ही दोघी एका सुरात सांगायचो. पण विहिरीपर्यंत ते आता न थांबता जाऊ लागले होते. बाटली संपता संपत नव्हती, त्याचंही श्रेय मी मनातल्या मनात माझ्या रेघेला दिलं.

दोन हजार एकोणीसच्या पावसाळ्याच्या शेवटी बातमी आली: सरकारने या यंत्रांवर बंदी घातली. सासरे यंत्र टेबलावर ठेवून बसले. "संपलं. आता विडीच बरी," असं ते म्हणाले आणि सासूबाईंचा चेहरा पार उतरला.

मोरीवर शेवटच्या सिरिंज धुताना त्या माझ्या कानाशी आल्या. "तुला एक सांगते, रागावू नको. त्या बाटलीतलं मी थोडं थोडं काढून टाकत होते. मोजे घालून हं. आणि वरून माझ्या टाचांना लावायचं ग्लिसरीन भरत होते."

मी माझी रेघ सांगितली. मग हिशोब करून पाहिला, तर बाटलीत निकोटीन औषधालाही उरलेलं नव्हतं. पावसाळाभर ते नुसती पुदिन्याची वाफ ओढत होते! ओल्या मोज्यांनी एकमेकींचे हात धरून आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. "दोघींनी? एकमेकींना न सांगता?" त्यांनी विचारलं. "आमटीत मीठ किती, यावर तुमचं आजवर कधी जमलं नाही!" ते दिवसभर रुसले. पण विडी मागवली नाही. पावसाळाभर ती त्यांना लागलीच नव्हती, मग आता कुठल्या तोंडाने मागवणार?

नवरात्रात आम्ही गडाच्या वाटेला लागलो. अर्ध्यावर सासरे दगडावर बसले, सवयीने खिसा चाचपला. खिशात रुमालाशिवाय काही नव्हतं. "देवी खाली आली होती ना गं?" त्यांनी दमल्या आवाजात विचारलं.

वरच्या पायरीवर सासूबाई खण छातीशी धरून उभ्या होत्या. "ती त्या बाईसाठी आली होती. तुमच्यासाठी मी खाली येणार नाही. तुम्ही वर या."

ते उठले.

वर ओटी भरून झाली. सासूबाईंनी हात जोडले ते सोडवेनात, आणि मलाही भरून आलं. सासऱ्यांनी दम घेतला, दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, "आता देवीसमोर खरं सांगा. चहात साखर तेवढीच आहे ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी देवीकडे पाहिलं.