घुम्याचे हात

आमच्या गोदीत क्रेनला इशारे देणाऱ्या माणसाला सगळे घुम्या म्हणायचे. दिवसभर तो तोंडातून अवाक्षर काढत नसे. वर केबिनमध्ये बसलेला ड्रायव्हर फक्त त्याचा हात बघायचा. हात खाली, की लोखंड खाली. त्यामुळे काम नसलं की घुम्या हात पाठीमागे बांधूनच उभा राहायचा. घरीसुद्धा. पाहुण्यांना वाटे, माणूस शिष्ट आहे.

त्या वर्षी क्रेनचा दोर झिजला, तारा सुटून वर आल्या. चालतंय तोवर चालू द्या, असं साहेबांचं मत. त्यांचं काय जात होतं? घुम्याचा धाकटा भाऊ त्याच ओझ्याखाली उभा राहून हूक सोडवायचा. त्याच्या काळजीने घुम्याची झोप उडाली, आणि त्याने सगळ्यांसमोर बोलायचं ठरवलं. बायकोने तालीम घेतली. हात मागे बांधलेला माणूस चोरी करताना पकडल्यासारखा दिसतो, जरा मोकळे सोडा, म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही धक्क्यावर जमलो. सळ्यांचा भारा आमच्या डोक्यावर तसाच लटकत होता, ड्रायव्हरही इंजिन चालू ठेवून केबिनमध्येच बसला होता. चूकच ती, पण आमची नजर मेली होती. घुम्या पेटीवर चढला. हात मागे. इतका अडखळला, की साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि मागचे दोघे डबे उघडायला निघाले. मला त्याची दया आली, रागही आला. मग बहुधा त्याला बायको आठवली. "आमच्या डोक्यावर..." म्हणत त्याने उजवा हात सोडला आणि तळवा खाली आणला.

ड्रायव्हरने तेवढंच पाहिलं. भारा खाली यायला लागला, थेट गर्दीत उभ्या धाकट्याच्या डोक्यावर. दोर करकरला.

घुम्याचे दोन्ही हात ताठ वर गेले. भारा झोके खात थांबला.

"सरका," घुम्या म्हणाला. आम्ही सरकलो. धाकटा वर बघतच राहिला, त्याला ओढावं लागलं. मग घुम्याने एका हाताने हळूहळू भारा जमिनीवर टेकवला आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे धरले. म्हणजे काम बंद.

ड्रायव्हरला भाषणातला एक शब्दही ऐकू गेला नव्हता. त्याने इंजिन बंद केलं.

साहेब हात खाली घ्यायला सांगू लागले.

"नवा दोर मागवा," घुम्या म्हणाला. "मग घेतो."

साहेबांनी दोराकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि फोन काढला. नवा दोर मागवून साहेबांचं बोलणं संपेपर्यंत घुम्याने हात खाली घेतले नाहीत.