उलटी गुंडाळी

माझ्या बोटांना सकाळी उशिरा जाग येते. आमवात आहे मला, लग्नाआधीपासूनचा. दहा-साडेदहापर्यंत मूठ म्हणून वळत नाही. दुपारी मला पाहिलंत तर म्हणाल, हिला काय धाड भरलीय? माझी सासू अजूनही म्हणते.

नोकरी मात्र सकाळी आठला सुरू व्हायची. जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत. आम्ही सात-आठ बायका बियांची उगवण तपासायच्या कामावर होतो, वर देखरेखीला एक मॅडम. ओल्या कागदावर बिया ओळीनं मांडायच्या, वरून दुसरा ओला कागद टाकायचा, चटईसारखी घट्ट गुंडाळी करून रबर लावायचं आणि ट्रेमध्ये उभी करून ठेवायची. काही दिवसांनी ती सोडून अंकुर मोजायचे. काम काही अवघड नाही. फक्त कागद गार असतो आणि गुंडाळायला बोटं लागतात.

आम्ही सगळ्या ठेकेदाराच्या. आदल्या हंगामात एकीची कंबर धरली तर तिला ‘घरी आराम करा’ म्हणाले, ते पुन्हा बोलावलंच नाही. म्हणून मी दुखणं लपवलं होतं. मला ती नोकरी हवी होती. औषधांसाठी हवी होतीच, पण खरं सांगायचं तर त्या टेबलावरच्या थट्टामस्करीसाठी जास्त हवी होती. घरी मी आजारी होते. तिथं मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध होते.

शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मात्र फसवता आलं नाही. आम्ही एकाच टेम्पोनं यायचो आणि मी दांडा हातानं न धरता कोपराच्या बेचक्यात धरते, हे तिनं पाहून ठेवलं होतं. एका सकाळी तिनं माझ्यासमोरचे कागद सरळ ओढून घेतले.

“ठिव ते इकडं. मी करून राह्यले ना.”

“अगं, मॅडम बघतील.”

“बघू दे. तू तोंड चालव. त्याला तर काही दुखणं न्हाई ना तुझ्या?”

तेव्हापासून सकाळी ती माझं काम करायची आणि दुपारी मी तिचं. सगळं छान चाललं होतं, पण बाई डावखुरी. आमच्या गुंडाळीचं सुटं टोक उजवीकडे यायचं, तिचं डावीकडे. इतक्या दिवसांत हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

मॅडमच्या आलं. माझा ट्रे बघत त्या म्हणाल्या, “डावखुरी तर तुमच्यात एकच आहे ना?” आणि निघून गेल्या.

माझं दुखणं एव्हाना सगळ्यांना कळलेलं होतं, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. प्रत्येकीनं मनाशीच ठरवलं होतं, की आपण उलटी गुंडाळी केली की हिची त्यात मिसळून जाईल. कुणी कुणाला विचारलं नाही. सगळ्यांनीच केली, आणि सवय नसलेल्या हातांनी केली. सकाळी पाहतो तर गुंडाळ्या सैल पडलेल्या आणि बिया घसरून ट्रेच्या तळाशी.

“सगळ्या एका दिवसात डावखुऱ्या झालात?” मॅडमचा आवाज चढला. “सगळी चाचणी वाया गेली. कुणीतरी बोला, नाहीतर मला वर कळवावं लागेल.”

सगळ्या खाली बघत उभ्या. मला रागही आला आणि रडूही आलं. इतकी माया आणि इतका वेडेपणा मी एका टेबलावर कधी पाहिला नव्हता. माझ्यापायी यांच्या नोकऱ्या जाणार होत्या. मी हात पुढे केले.

“मॅडम, मला मूठ वळायला सांगा.”

त्यांनी सांगितलं. बोटं अर्ध्यात थांबली. मी ‘घरी आराम करा’ ऐकायची तयारी करून उभी राहिले.

“हे किती वाजेपर्यंत असतं?” त्यांनी विचारलं.

“दहा-साडेदहा.”

“मग बिया मांडणं-गुंडाळणं दुपारी करा. सकाळी मोजणीला बसा. गुंडाळ्या मी सोडते, अंकुर तुम्ही मोजा.” मग बाकीच्यांकडे वळून, “आधीच सांगायचं ना मला!”

“सांगितलं असतं अन् तुमी काढून टाकलं असतं, मंग?” मैत्रीण म्हणाली.

“मी तशी वाटते?”

मॅडमनी मोजणीला आलेल्या जुन्या ट्रेमधली पहिली गुंडाळी उचलली आणि सोडायला बसल्या.

याला आता बरीच वर्षं झाली. गंमत म्हणजे त्या बायांनी उलटी गुंडाळी सोडली नाही. एकदा शिकलोच आहोत तर कशाला सोडा, असं म्हणतात आणि आता झकास करतात. माझ्या काही सकाळी चांगल्या निघतात. अशा वेळी मी दुपारची वाट बघत नाही, एखादी गुंडाळी करून ट्रेमध्ये उभी करते. सकाळच्या सगळ्या डाव्यांत ती एकटीच उजवी. मॅडम फेरी मारताना तिच्यापाशी थांबतात.

“आज हात बरे दिसतात,” म्हणतात, आणि पुढे जातात.