बेल वाजली की उठायचं

आमच्या घरात शिकवणारी माणसं दोन. मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो आणि बायको मेडिकल कॉलेजात पोरांना डॉक्टरकी शिकवते. आमच्यापैकी कोणाचे शिष्य जास्त माणसं मारतात, यावर लग्न झाल्यापासून आमचा वाद आहे. ती म्हणायची, "तुमच्या पायाखाली निदान दुसरा ब्रेक तरी असतो हो. माझी पोरं एकदा सुटली की सुटली." हे ती हसत म्हणायची. हल्ली म्हणत नाही.

मी तिला मास्तरीणबाई म्हणतो. तीस वर्षं एकाच वॉर्डात तिने चपला झिजवल्या. बरोबरचे कुठल्या कुठे गेले, कोणी स्वतःचं हॉस्पिटल काढलं, कोणी परदेश गाठला. ही आपली रोज सकाळी डबा, पाण्याची बाटली आणि छत्री पिशवीत कोंबून निघणार. छत्री बारा महिने. आवाज बसलेला, कारण पंख्याच्या घरघरीवर ओरडून शिकवायचं. कुठे काही लिहून छापून आणावं, बढती घ्यावी, यात ती ढ. मी म्हणायचो, "अगं, जरा पुढे पुढे कर." ती म्हणायची, "पुढे पुढे करणाऱ्यांची रांग फार मोठी आहे, मी मागेच बरी."

एकच गोष्ट तिने आयुष्यात स्वतःची म्हणून उभी केली. तीच सांगायची आहे.

तिच्या वॉर्डात एका बाईचा नवरा गेला. बाईंचं चष्म्याचं दुकान आहे, म्हणून आमच्या घरात त्यांचं नाव चष्मेवाल्या बाई. नवरा गेल्याचं त्यांना एका तरुण डॉक्टरने बाहेर, लिफ्टपाशी, उभ्या उभ्या सांगितलं. पुढे कधीतरी त्या कसलासा दाखला न्यायला आल्या, तेव्हा बायकोने त्यांना बसवून विचारलं, "तुम्हाला कितपत माहीत आहे? नीट सांगितलं होतं ना?" त्या म्हणाल्या, "काय सांगितलं ते मला काही आठवत नाही. सांगताना तो लिफ्टचं बटण दाबत होता, तेवढं आठवतं."

त्या दिवशी बायको घरी आली ती ताटावरून तशीच उठली. म्हणाली, "तो पोरगा माझाच हो. हृदयाचे आवाज त्याच्याइतके कोणाला ओळखता येत नाहीत. आणि हे त्याला कोणी शिकवलंच नाही. मीसुद्धा नाही."

मग तिने जे केलं ते तोवर तिच्या कॉलेजात कोणी केलं नव्हतं. चष्मेवाल्या बाईंना तिने वर्गात आणलं. मुलांसमोर खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "ह्यांना कसं सांगितलं गेलं ते ह्या सांगतील. मग तुम्ही ह्यांना सांगा. तेच, पण माणसासारखं." हळूहळू आणखी चार-पाच जण यायला लागले. कोणाचा मुलगा गेलेला, कोणाची आई. एरवी हॉस्पिटलच्या रस्त्यानेही न जाणारी माणसं, पण हिच्यासाठी यायची. नियम एकच होता. बातमी साध्या शब्दांत सांगायची आणि तोंड बंद करायचं. पहिला प्रश्न समोरच्याचा. तो येईपर्यंत बसून राहायचं, आणि तो जो काही असेल त्याचं खरं उत्तर द्यायचं.

"एवढंच?" मी विचारलं होतं.

"करून बघा एवढंच," ती म्हणाली.

पोरांना ते जमेना. कोणी घाबरून आकडे सांगत सुटायचा, कोणी उगाच आशा दाखवायचा. एक आडदांड गडी चष्मेवाल्या बाईंसमोर बसला, सांगितलं, आणि त्यांनी नुसतं "जेवण गेलं होतं का हो त्यांना?" एवढं विचारल्यावर उठून बाहेर जाऊन रडून आला. पण परत येऊन बसला आणि उत्तर दिलं. तो आज उत्तम डॉक्टर आहे असं बायको सांगते. हिने नंतर वॉर्डातल्या नातेवाइकांना गाठून विचारलंही, हिच्या पोरांनी सांगितलेल्यांना आणि बाकीच्यांना. फरक स्पष्ट दिसत होता. हिच्या पोरांकडून ऐकलेल्यांच्या मनात निदान लिफ्टचं बटण राहिलं नव्हतं.

निवृत्ती जवळ आली तशी तिला एकच चिंता लागली. "माझ्यामागे हे राहिलं पाहिजे. मी गेले आणि ये रे माझ्या मागल्या झालं, तर काय उपयोग?"

कॉलेजात दरवर्षी एक मेळावा भरतो. ज्याने शिकवण्यात काही नवीन केलं, संशोधन केलं, त्याने ते इतरांना सांगायचं. हॉलभर उभे फलक, त्यावर रंगीत तक्ते, मागे चहा आणि खारी बिस्किटं. लोक फलकांचे फोटो काढतात आणि वाचतात बिस्किटांच्या पुड्यावरचं. कोणी रबराचं हृदय केलं होतं, कोणी मोबाइलवरचा खेळ. मास्तरीणबाई आजवर कधी तिथे उभी राहिली नव्हती. या वेळी राहिली. बसक्या आवाजात दहा मिनिटं बोलली, आणि म्हणे हॉल शांत झाला. पहिलं बक्षीस मिळालं. डीन म्हणाले, "हे आपल्यापुरतं ठेवून चालणार नाही. हे सगळ्या कॉलेजांत गेलं पाहिजे."

घरी आली तेव्हा पायात चप्पल एक स्वतःची आणि एक कोणाची तरी होती. मी म्हणालो, "मास्तरीणबाई, लग्नातसुद्धा एवढ्या खूश नव्हतात."

"तेव्हा कुठे काही सिद्ध झालं होतं," ती म्हणाली.

मग समिती बसली. समिती बसली की काम बसतं, हे मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पहिल्यांदा निघालं की एवढ्या मुलांना पुरतील इतकी दुःखी माणसं रोज आणायची कुठून? आणि वर्गात कोणी कोसळलं तर जबाबदार कोण? म्हणून नातेवाईक बंद, नाटकातले नट सुरू. मग निघालं की परीक्षेत नसेल तर पोरं शिकत नाहीत. खरंच आहे ते. परीक्षेत घ्यायचं तर गुण द्यायला हवेत, आणि गुण द्यायचे तर काहीतरी दिसायला हवं. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "गप्प बसण्याला गुण कसे द्यायचे मॅडम? गप्प तर नापास होणाराही बसतो."

मी हसलो होतो हे ऐकून. ती हसली नाही.

शेवटी एक यादी झाली. खुर्ची जवळ ओढली, गुण. फोन बंद केला, गुण. 'तुम्हाला कितपत माहीत आहे?' असं विचारलं, गुण. टिश्यूचा डबा पुढे सरकवला, गुण. काही क्षण शांत बसला, गुण. त्यांची परीक्षा कशी, की ओळीने छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीत एकेक काम, कोपऱ्यात परीक्षक बसलेला. बेल वाजली की असेल तिथून उठायचं, थँक यू म्हणायचं आणि पुढच्या खोलीत शिरायचं. एका खोलीत टाके घालायचे, शेजारच्या खोलीत मरण सांगायचं.

ती भांडली. आयुष्यात वरच्यांशी कधी न भांडलेली बाई टेबलावर हात आपटून आली. ते म्हणाले, "अहो, तुमचंच तर आहे हे. बघा, खाली तुमचं नाव घातलंय." खरंच घातलं होतं. पुढे ती यादी बाकीच्या कॉलेजांनी उचलली, तिथेही खाली हिचं नाव. पसरलं की सगळीकडे. तिला हवं होतं तसंच.

मी तिला समजवायला गेलो. म्हणालो, "अगं, माझ्याकडे दुसरं काय चालतं? टेस्टला आरशात बघावं लागत नाही. बघितल्यासारखी मान वळवावी लागते. इन्स्पेक्टरला मान दिसली की झालं."

"आणि रस्त्यावर?" तिने विचारलं.

रस्त्यावर काय होतं ते मला ठाऊक आहे. मी विषय बदलला.

त्या वर्षी चष्मेवाल्या बाई नेहमीसारख्या दुकान बंद करून, नीटनेटक्या होऊन आल्या. आता येऊ नका हे त्यांना कळवायचं समितीला सुचलं नव्हतं. रखवालदाराने आत सोडलं नाही. बायको धावत फाटकाशी गेली, काय झालं ते सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आमचे हे आता फुकटच गेले म्हणायचे." एवढं बोलून त्या दुकान उघडायला परत गेल्या. बायको मला हे सांगताना एकेक शब्द थांबून थांबून सांगत होती. मग म्हणाली, "मी फलकापाशी उभीच राहायला नको होतं. कोणाला सांगितलं नसतं तर निदान माझ्या वर्गात तरी राहिलं असतं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पुढची गोष्ट माझी आहे, पण तिचीच आहे.

ती निवृत्त झाली त्यालाही दोन-तीन वर्षं झाली होती. माझी पाठ दुखायची. आमच्या धंद्यात पाठ दुखतेच, मी लक्ष दिलं नाही. पँट ढिली झाली तर उलट खूश होतो. एकदा जेवताना ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "जरा उजेडात या." खिडकीपाशी नेऊन माझ्या डोळ्यांत बघितलं. पांढरं होतं ते पिवळं झालं होतं. तिने भांडी आवरली, ओटा पुसला, पुसलेला ओटा परत पुसला. तिला तेव्हाच कळलं असणार.

तपासण्या झाल्या. रिपोर्टचं पाकीट तिने उघडलं नाही. "मी तुमची डॉक्टर नाही, बायको आहे," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी बसून ऐकेन."

ज्याने सांगायचं तो डॉक्टर तिचाच विद्यार्थी निघाला, नव्या पद्धतीतला. पोरगा वाईट नव्हता. केस चप्प बसवलेले, हात स्वच्छ. आम्ही आत गेलो तसा तो उठून उभा राहिला, "मॅडम, तुम्ही?" म्हणाला, आणि त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्याने खुर्ची जवळ ओढली. फोन बंद केला, आम्हाला दिसेल असा. मला विचारलं, "तुम्हाला कितपत माहीत आहे?"

"डोळे पिवळे झालेत एवढं माहीत आहे," मी म्हणालो.

त्याने सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, पसरलेला, ऑपरेशन होण्यासारखा नाही. शब्द साधे होते, चूक काढायला जागा नव्हती. मग त्याने टिश्यूचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि गप्प बसला.

मला एकच विचारायचं होतं. मरण वगैरे मोठं झालं, ते मला अजून पोचलंच नव्हतं. माझा बाप दुखण्याने ओरडत गेला होता, मी शेजारच्या खोलीत होतो. तेवढं एक विचारायचं होतं, दुखेल का हो फार. प्रश्न घशापर्यंत आला. म्हणून मी वर बघितलं, तर तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता. बरोबर केलं का, मॅडम?

आणि तिने मान हलवली. अगदी थोडी. तीस वर्षांची सवय, ती तरी काय करणार.

तेवढ्यात बाहेर पुढच्या पेशंटसाठी बेल वाजली. पोरगा ताडकन उठला. "थँक यू, मॅडम," म्हणाला आणि दाराकडे वळला. स्वतःच्याच खोलीच्या दाराकडे. दोन पावलं गेल्यावर त्याला कळलं. कान लाल झाले, परत येऊन बसला आणि म्हणाला, "सॉरी. काही प्रश्न?"

"नाही," मी म्हणालो. त्याचीच दया आली मला. "छान सांगितलंत."

बाहेर आलो. गाडी माझी शिकवायचीच, छपरावर पाटी असलेली. तिने किल्ली मागितली. ती गाडी शिकली दुसऱ्याकडे, कारण स्वतःच्या बायकोला शिकवलं तर संसार मोडतो. ती स्टिअरिंगला बसली, मी शेजारी माझ्या नेहमीच्या जागेवर, दुसऱ्या ब्रेकपाशी. तिने किल्ली लावली आणि तशीच बसून राहिली. चांगली शांतता होती ती. कोणी मोजत नव्हतं. म्हणून मी विचारलं.

"दुखेल का गं फार?"

सगळ्या जगात हे ज्याला विचारावं असं माणूस एकच होतं, आणि ते माझ्या शेजारी बसलं होतं. ती समोर भिंतीकडे बघत होती. तोंड उघडलं. आवाज आला तो वर्गातला.

"तुम्हाला कितपत माहीत..."

आणि थांबली. तिचं तिलाच ऐकू आलं. वाक्य तिचंच होतं, यादीच्याही आधीचं, तिने चष्मेवाल्या बाईंना पहिल्यांदा विचारलेलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने ओठ दाबून धरले. मला राग नाही आला. मला वाटलं, हिच्याजवळ होतं ते सगळं हिने वाटून टाकलं, आणि घ्यायच्या वेळी माझ्या वाट्याला टिश्यूचा डबा तेवढा आला.

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. रखवालदाराने काचेवर टकटक केली, गाडी काढा म्हणाला.

"क्लच दाब," मी म्हणालो.

तिने दाबला. गाडी सुरू झाली, एक धक्का खाऊन बंद पडली. "पुन्हा," मी म्हणालो. तिसऱ्या वेळी निघाली. घरापर्यंत मी तिला सिग्नल सांगत होतो आणि ती ऐकत होती. तो प्रश्न मी तिला परत विचारलेला नाही, आणि आता पाठ रात्रंदिवस दुखते.