काकूच्या बकरीचा पाला

चुलतभाऊ प्रशांतचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या बाजारात माठाची जुडी हातात धरून उभी होते. "ताई, आई गेली गं," एवढंच तो बोलू शकला. पानं उलटी करून कीड बघायची सवय मला जिने लावली तीच गेली होती, आणि माझा हात मात्र पानं उलटतच होता... भाजीवाला सिंधी म्हातारा "क्या हुआ बेटा?" म्हणून विचारत होता. विमलकाकूला जाऊन आता दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन मोठं ठेवावं म्हणतात. काकूबद्दल ते आहेच. पण मला आज लिहायला बसवलंय ते दुःखाने नाही, रागाने, हे आधीच सांगून टाकते.

माझे आई-वडील लवकर गेले, तेव्हा मी सात वर्षांची होते. बाबांना दोन भाऊ. थोरल्यांना आम्ही मोठेबाबा म्हणायचो. ते बांधकामाची कंत्राटं घ्यायचे, बदलापूर गावात त्यांचं दुमजली घर होतं. धाकटे काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत कामाला, मांजर्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांत राहणारे. मला कोणी ठेवून घ्यायचं हा विषय निघाला आणि मोठेबाबांना आपलं दुमजली घर अचानक लहान वाटायला लागलं. तेव्हा विमलकाकूने कडेवरच्या प्रशांतला खाली ठेवलं आणि माझी पिशवी उचलली, बस्स. पुढे दोन वर्षांनी काकांची कंपनी बंद पडली. नेमक्या त्याच सुमारास मोठेबाबांच्या बायकोचे, म्हणजे मोठ्याआईचे, गुडघे धरले, घरात धुण्याभांड्याला हात कमी पडायला लागला, आणि मोठेबाबांना भावाच्या अनाथ लेकीचा कळवळा आला. "पोरीच्या खाण्याचे हाल होतात," असं ते चारचौघांत बोलू लागले. त्यांच्याकडे गेले असते तर माझी शाळा सुटली असती, हे काकूला कोणी सांगायची गरज नव्हती.

हाल कसे व्हायचे तेही सांगते. काका मिळेल ते काम करत होते, आणि काकू उल्हासनगरच्या एका सिंधी बाईकडे पापड लाटायला जायची. तिथूनच ती साईभाजी शिकली. पालक, चणाडाळ, उरलंसुरलं वांगं, भोपळा, सगळं एकत्र शिजवून घोटायचं. घोटलेल्या त्या भाजीबरोबर नाचणीची भाकरी. कधी मोडाची मटकी, कधी कुळथाचं पिठलं, कधी सुकट. जेवणावर चहा मागितला तर हातावर फटका मिळायचा, कारण अंगणवाडीच्या बाईंनी तिला सांगितलं होतं की त्याने जेवणातलं लोह अंगी लागत नाही. आणि पालेभाजी विकत घेणं जमायचं नाही तेव्हा ती बाजारात फ्लॉवरवाल्याकडे जायची. फ्लॉवरची बाहेरची पानं, मुळ्याचा पाला तो खाली टाकून द्यायचा. काकू म्हणायची, "दादा, तो पाला द्या ना, घरी बकरी आहे." तोही भला माणूस, पिशवी भरून द्यायचा. येताना ती मला बजावायची, "सुजा, हे कुठं बोलायचं नाही हां." घरी तो पाला तीन पाण्यांनी धुतला जायचा, बारीक चिरून लसणावर परतला जायचा, वर शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. अशी भाजी मी पुढे मोठमोठ्या लग्नांतही खाल्ली नाही.

आणि मी काय केलं? एकदा मोठ्याआईने विचारलं, "काय गं, काय जेवलीस आज?" मला त्या भाजीचा अभिमान होता. मी ऐटीत म्हणाले, "बकरीचा पाला!" वर सगळी गोष्टही सांगून मोकळी झाले. मोठीआई पदराने डोळे पुसेपर्यंत हसली. तिच्या त्या हसण्याने मला कळलं की आपण काय करून बसलो. पण तोवर उशीर झाला होता.

पुढच्याच रविवारी सकाळी मोठेबाबा हजर. बरोबर माझ्याच वयाची त्यांची सोनल. दार उघडंच होतं, बिल्डिंगमधल्या बायका नळावर. ते मुद्दाम मोठ्याने बोलले, "विमल, माझ्या भावाची लेक जनावराचा चारा खाते म्हणे! चल गं सुजाता, कपडे भर." काका खाली मान घालून बसले होते. मी काकूकडे बघूच शकत नव्हते, कारण हे सगळं माझ्या तोंडाने केलं होतं. काकू मोरीतून हात पुसत आली. माझा दंड धरून तिने मला दारातल्या उजेडात उभं केलं आणि माझी खालची पापणी ओढली. "बघा भावजी, कशी लाल आहे." मग सोनलला जवळ घेतलं, तिचीही पापणी ओढली. ती पांढरीफटक होती. शाळेतल्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वी सोनलला रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, त्या तिच्या दप्तरात तशाच पडल्या होत्या. काकू नळावरच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुजा कुठं जात नाही. तुम्हीच सोनलला ठेवा माझ्याकडं, महिनाभर. पाला खायला घालते." नळावर एक बाई फिस्सकन हसली. मोठेबाबा चपला नीट न घालताच निघाले. त्यांचं ते पाय ओढत जाणं मला आजही आठवलं की बरं वाटतं.

पण काकूचा सूड तिथे संपला नव्हता. सोनलच्या घरी पैसा होता. पण सकाळ-संध्याकाळ चहा-खारी, आणि रविवारच्या मटणातले तुकडे भावांना, तिला रस्सा. काही दिवसांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत ती माझ्यामागे घरी आली आणि दाराशी घुटमळत राहिली. काकूने काही विचारलं नाही, तिसरं ताट घेतलं. मग ती रोज येऊ लागली, दहावीपर्यंत. माझा नुसता जळफळाट व्हायचा. आपल्या वाट्यातली भाजी शत्रूच्या पोरीला का? मी भांडले तेव्हा काकू हसून म्हणाली, "अगं वेडे, त्याची पोरगी माझ्या हातचं मागून खाते. आणखी काय पाहिजे मला?" तेव्हा ते मला पटलं नव्हतं.

हेंद्रेपाड्याच्या विहारात काकूच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. त्रिसरण-पंचशील झाल्यावर लोक दोन-दोन शब्द बोलत होते. मोठेबाबा उठले. आता काठी टेकतात, पण आवाज तोच. म्हणाले, "विमल कष्टाळू होती. पण त्या वाईट दिवसांत ही पोरगी आमच्या घरच्या अन्नावर वाढली, हे मी कधी बोलून दाखवलं नाही." लोकांनी माना हलवल्या. माझं रक्त असं उसळलं की मी उभीच राहिले. माईक न घेता विचारलं, "मोठेबाबा, मी तुमच्या घरी किती वेळा जेवले?" प्रशांत माझा पदर ओढत होता, "ताई, आज नको..." मोठेबाबा काहीतरी पुटपुटले. आणि बायकांच्या रांगेतून सोनल उठली. अंगावर पांढरी साडी.

"एकदाही नाही, पप्पा," ती म्हणाली. "मी जेवायचे काकूंकडं. सहा वर्षं, रोज. तुम्हाला माहीतच नाही."

मोठेबाबा न जेवता गेले. मृत्यूच्या कार्यक्रमात म्हाताऱ्या माणसाचा अपमान केला, असं नातेवाईक अजून म्हणतात. म्हणू देत. माफी मागायला ये, असा निरोपही आला होता; हा लेख त्यांनी वाचावा, म्हणजे उत्तर मिळेल. ज्या बाईने कचऱ्यात जाणाऱ्या पाल्यातून तीन पोरांच्या अंगात रक्त भरलं, तिचं श्रेय तिच्या फोटोसमोर उभं राहून चोरणाऱ्याला मी माफ करणार नाही, आजही नाही आणि पुढेही नाही.

नंतर आम्ही काकूचं स्वयंपाकघर आवरायला गेलो. शेगडीवर तिची लोखंडी कढई होती, एक कान तुटलेली, तळाला घासून घासून पातळ झालेली. सोनलने ती दोन्ही हातांनी उचलली आणि हळूच विचारलं, "सुजा, ही मी नेऊ?" काकूने एका क्षणात दिली असती, वर फडक्यात दोन भाकऱ्याही बांधल्या असत्या. मी तिच्या हातातून कढई काढून घेतली आणि म्हटलं, "नाही." दर रविवारी सोनल माझ्याकडे जेवायला येते, त्याच कढईतलं खाते, दुसऱ्यांदा मागून घेते. मी वाढते. कढई मात्र देणार नाही.