दुपारचा खुनी पंथ

लग्नांचं शूटिंग करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात. एक, कुणी न्यायलाच न आलेले अल्बम. दुसरी, किस्से. अल्बम कपाटात मावतात. किस्से मात्र कुणी चहाला टेकलं की बाहेर यायला लागतात.

माझ्याकडचे निम्मे किस्से गेल्या उन्हाळ्यातले आहेत. तेव्हा काष्टीजवळच्या आमच्या वाडीत आम्ही 'उलट्या माळेचा पंथ, भाग दोन' काढला. कॅमेरा माझा. लिहिणं, बसवणं सगळं शालनताईंचं. ताई लेडीज टेलर आहेत, पण डोकं असं की आपण हात जोडावेत. हिरॉईन वैभवी, सतरा वर्षांची, नुकतीच बारावी दिलेली. आणि तिचा बळी द्यायला टपलेले पंथाचे पंधरा भक्त, म्हणजे एरवी शेतीवाले, डेअरीवाले आणि सुप्याच्या कंपन्यांतले कामगार.

पंथाचे नियम ताईंनी भाग एकमध्येच ठरवलेले. प्रमुखाच्या प्रत्येक वाक्यातले शेवटचे शब्द भक्तांनी एका सुरात म्हणायचे. आणि बळी देण्याआधी शेवटची इच्छा विचारायची, ती पुरवायचीच. भाग एकमध्ये वैभवीने मिसळ मागितली. भक्त मिसळ आणायला पांगले आणि पोरगी सटकली. तालुकाभर लोकांनी तो पिक्चर मोबाईलवर पाहिला आणि हसून हसून बेजार झाले.

ताई म्हणाल्या, "आता भाग दोन. ह्या टायमाला घाबरवायचं बी."

* * *

पहिलीच अडचण अशी की भाग एकच्या शेवटी वैभवीने अख्खा पंथ कांदाचाळीत कोंडून जाळला होता. वाडीत दुसरे नट आणायचे कुठून?

"समदे त्येंचे भाऊ हायेत म्हनायचं," ताईंनी निकाल दिला.

डेअरीवाला सोपान प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "ताई, मला भाऊच न्हाई. चार बहिनी हायेत."

ताईंच्या तोंडात टाचणी होती. ती काढून त्यांनी सोपानकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मग तू वाचला हुतास."

भाग दोनची अख्खी गोष्ट त्या एका वाक्यातून निघाली. अर्धवट भाजलेला एक भक्त सूड घ्यायला परत येतो! लिहिणारे लोक महिनोन्महिने बसतात म्हणे. ताईंना टाचणी काढायला लागला तेवढाच वेळ लागला.

* * *

भुताखेताचं शूटिंग रात्री करतात हे मलाही कळतं. पण त्या दिवसांत शेतीची लाईट रात्रीची होती. अंधार पडला की निम्मा पंथ पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला रानात.

मी म्हटलं, ताई, आता कसं?

"आपला पंथ दुपारचा हाय," ताई म्हणाल्या. "रातच्याला माणूस सावध असतंय. दुपारी जेवून झोपलेलं असतंय."

मी मनात हसलो. मग मेच्या उन्हात सामसूम पांदीतून काळे झगे घातलेले पंधरा जण संथ चालत आले आणि माझ्या हातावर काटा उभा राहिला. झगेही ताईंनीच शिवलेले, छत्र्यांच्या कापडाचे. आतल्या माणसांचं काय होत असेल ते विचारू नका.

* * *

माझ्या हातून घडलेलंही सांगतो. वैभवीला बांधून बळीच्या दगडाकडे नेतात, असा सीन. वीस वर्षं लग्नं केलेला माणूस मी. सवयीने बोलून गेलो, "नवरी, जरा हिकडं बघा. मामा, मागं सरका."

वैभवीने मान वळवून गोड स्माईल दिलं. मागचा एक भक्त खरोखर मागे सरकला. ताई कपाळावर हात मारून खाली बसल्या.

* * *

एकदा मधल्या सुट्टीत चार भक्त झग्यांसकट काष्टीच्या बाजारात चहाला गेले. गर्दीने आपणहून वाट दिली. एक म्हातारी हात जोडून आडवी आली, म्हणाली, महाराज, म्हस दूध देईना. चौघांत पुढे सोपान, तो तर डेअरीवालाच. त्याने झग्याचं टोपडं मागे न सारता तिला खनिज मिश्रण किती आणि कसं द्यायचं ते सांगितलं.

पुढच्या बाजाराला म्हातारी त्याच्यासाठी लोणी घेऊन आली.

* * *

आता किसनतात्यांचं सांगतो. तात्या म्हणजे वैभवीचे वडील. वाडीचं पाणी सोडतात. कमी बोलणारे, हसणं तर माहीतच नाही. पोरीला काम करू दिलं ते एका अटीवर, शूटिंगला आपण समोर बसणार.

वैभवीला पुण्याला नाटकाचा कोर्स करायचा होता. तात्या एकदा नाही म्हणाले होते आणि पुन्हा विचारायची तिची छाती नव्हती. फॉर्म भरून पिशवीत तसाच होता, फक्त वडिलांची सही बाकी. मुदत संपायला थोडेच दिवस उरलेले. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, तात्या सोडून.

त्यात किंकाळीचा सीन आला. तात्या बाभळीखाली बसलेले, आणि पोरीच्या घशातून आवाजच निघेना. ताईंनी तात्यांना चहा आणायला पिटाळलं. मग जी किंकाळी निघाली, बाप रे! शेजारच्या उसातून दोन गडी काठ्या घेऊन धावले. त्यांच्या मागून तात्या, रिकामी किटली हातात, सगळा चहा वाटेत सांडलेला.

समोर वैभवी भक्तांच्या घोळक्यात पोट धरून हसत होती. तात्यांनी किटली खाली ठेवली.

"घरी कदी एवढी हासली न्हाईस," एवढंच म्हणाले.

मला त्या दिवशी तात्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

* * *

त्याच आठवड्यात आमच्या पंथप्रमुखाची कंपनीत शिफ्ट बदलली. न हसणारा चेहरा वाडीत एकच होता. तात्या नको नको म्हणाले, पण ताईंनी झगा आधीच त्यांच्या मापाचा करून ठेवलेला. आणि माणूस काय उभा राहिला! आवाज तर थेट विहिरीतून आल्यासारखा.

पहिल्याच टेकला हात आभाळाकडे करून मंत्र म्हणता म्हणता तात्या एकदम थांबले.

"आरं, वरच्या आळीचा व्हॉल्व चालूच राह्यला."

पंधरा भक्त एका सुरात म्हणाले, "चालूच राह्यला!"

ताईंनी ते पिक्चरमध्ये तसंच ठेवलं.

* * *

शेवटचा दिवस, शेवटचा सीन. वैभवी दगडावर, तात्यांचा कोयता वर. फॉर्मची मुदत दोन दिवसांवर. ताईंनी लिहिलेलं असं की तिने मोबाईलला रेंज मागायची, भक्तांनी रेंज शोधायला झाडांवर चढायचं आणि तिने पळायचं.

तात्यांनी विचारलं, "शेवटची इच्छा?"

वैभवीने त्यांच्याकडे पाहिलं. "पुण्याला नाटकाचा कोर्स करायचाय. फॉर्मवर तुमची सही पायजे."

ताईंनी कट म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी कॅमेरा चालू ठेवला. कोयता वरच होता. पंधरा भक्त तात्यांच्या तोंडाकडे बघत उभे होते, पुढचे शब्द म्हणायला.

कोयता हळूहळू खाली आला.

"पंथ शब्द मोडीत न्हाई," तात्या त्याच विहिरीतल्या आवाजात म्हणाले.

"मोडीत न्हाई!"

तात्यांनी घसा खाकरला. "पर हॉस्टेल पोरींचंच पायजे."

पंधरा जणांनी मुठी आभाळाकडे केल्या. "पोरींचंच पायजे!"