चार पिचर होते, आता मी उरलोय

मंडळी, स्टुटगार्टच्या बेसबॉल मैदानावरून आत्ताच घरी आलोय. उजवा हात उचलवत नाहीये, डाव्यानेच टाइप करतोय.

दोन वर्षांपूर्वी आमच्या फेराइनकडे, म्हणजे क्लबकडे, चार तगडे पिचर होते. एकाचा खांदा गेला, एकाची बदली झाली, तिसऱ्याला जुळी मुलं झाली. आज चौथा युर्गेनही कोपर धरून खाली बसला. कोच माझ्याकडे वळला, "आल्झो, म्हणजे तर मग, तू पुण्यात बोलिंग करायचास ना?"

जीव तोडून टाकले हो! पण सवय कुठे जाते? एकूणएक यॉर्कर, बॅटरच्या पायाशी टप्पा. इथे टप्पा पडला की चेंडू वाया, आणि असे चार गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर. एकामागून एक चालतच गेले सगळे. लेक कुंपणापलीकडून ओरडत होती, "पापा, निख्ट आउफ डेन बोडन!" अगं, जमिनीवर नको हे मला कळतंय, हाताला कोण सांगणार?

सपाटून हरलो. वाटलं, कोच आता हाकलणार. तर म्हणाला, "पुढच्या रविवारी पहिल्यापासून तूच."

ग्रुपवर क्रिकेट कधीच न खेळलेला एक तरी मराठी माणूस आहे का हो?